उपरोध वगळून

त्या सकाळी अभिनंदन मगदूमांच्या मिक्सरने चटणी वाटायला नकार दिला. बिघाड काहीच नव्हता. कंपनीने आदल्या दिवशी वापराच्या अटी बदलल्या होत्या आणि त्या मान्य केल्याशिवाय पातं फिरणार नव्हतं. अटी सत्तेचाळीस पानी होत्या आणि मिक्सरच्या पोटावरच्या बोटभर पडद्यावर त्या खाली-खाली सरकवत वाचायच्या होत्या. भाजलेले शेंगदाणे भांड्यात तसेच पडून राहिले. अभिनंदननी कॅमेरा आणला, ओट्यावर ट्रायपॉड लावला आणि मिक्सरला हात जोडून अर्धा तास जे काही ऐकवलं, ते पुढच्या दोन दिवसांत चार लाख लोकांनी पाहिलं.

‘मगदूम म्हणे’ हे त्यांचं चॅनल. सांगलीच्या विश्रामबागेत राहून, पॉलिटेक्निकमधली इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी सोडून, गेली चौदा वर्षं ते हेच करत होते. फोन, घड्याळं, चष्मे, बोलणारे फ्रिज, वाचून दाखवणारी वर्तमानपत्रं, जे येईल ते महिनाभर घरात वापरायचं आणि मग मत सांगायचं. मतं ठाम होती. दिव्याला पासवर्ड लागता कामा नये. विकत घेतलेलं पुस्तक एका सकाळी आपोआप नाहीसं होत असेल, तर ते विकत घेतलेलं नव्हतंच. आणि जे यंत्र तुमचं नाव न विचारता चालतं, त्याला पाच गुण तिथंच द्यावेत. ही मतं ते सरळ कधीच सांगत नसत. ‘काय ती दूरदृष्टी’ म्हणाले की प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. त्यांचा खवचटपणा हीच चॅनलची ओळख होती.

कॅमेरा बंद झाल्यावर तो खवचटपणा मात्र बंद होत नसे. त्यांच्या पत्नीने, पद्मजाने, तो चोवीस वर्षं ऐकला होता. निदान ऐकू येत होतं तोवर.

पद्मजा भूगर्भशास्त्रज्ञ होती. जमिनीखालच्या पाण्याचा शोध घ्यायचा, तर बोअर मारणाऱ्या गाडीजवळ उभं राहावं लागतं. बावीस वर्षं ती तशी उभी राहिली. कानात बोळे घालायची, पण दगड बदलला की आवाज बदलतो आणि तो ऐकायला ती बोळे काढायची. हळूहळू कान गेले. पूर्ण नाही, वरच्या पट्टीतले. त्यामुळे माणसं बोलतात हे तिला कळे, काय बोलतात ते कळत नसे. साखर म्हटलं तरी आखर आणि शाळा म्हटलं तरी आळा. ती पुन्हा विचारायची. दोनदा सांगून झालं की अभिनंदन म्हणायचे, ‘राहू दे, फार महत्त्वाचं नव्हतं.’ मग तिने विचारणं सोडलं. मुलगी कोइम्बतूरला नोकरीला गेल्यापासून त्या घरात जेवताना फक्त भांडी वाजत.

सप्टेंबरात ‘कानसेन’ आलं. परीक्षणासाठी आलेले दोन संच होते. शेंगदाण्याएवढं यंत्र, दोन्ही कानांत एकेक. अभिनंदननी नेहमीप्रमाणे आधी नाक मुरडलं. श्रवणयंत्रं त्यांनी बरीच पाहिली होती आणि ती सगळी एकच काम करत, आवाज मोठा करायचं. पण आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. प्रत्येक पट्टीच्या सुराला वेगळ्या पेशी. त्या एकदा मेल्या की त्यांच्यावर कितीही ओरडा, उठत नाहीत. म्हणून जुनी यंत्रं लावून लोकांना गोंगाट मोठा ऐकू येई आणि शब्द तितकेच अस्पष्ट.

कानसेन आवाज मोठा करतच नव्हतं. समोरच्याचं बोलणं ते स्वतः ऐकायचं, शब्द ओळखायचं आणि त्याच माणसाच्या आवाजात ते नव्याने बोलून दाखवायचं. फक्त कानाच्या ज्या पट्ट्या अजून जिवंत आहेत, त्यांत बसेल असं. स आणि श हे जिथं ऐकू येत नाहीत तिथून उचलून खाली आणायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. वाक्य संपायची वाट पाहण्याइतका वेळ नसल्यामुळे पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज ते आधीच बांधून ठेवी, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघे. थोडक्यात, पद्मजाला नवऱ्याचा आवाज ऐकू येत नव्हता. नवऱ्याच्या आवाजाची नक्कल करणारं, अतिशय हुशार असं कुणीतरी तिच्या कानात बोलत होतं.

पण त्या वेळी असा विचार कुणी केला नाही. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहून हसत होती, कारण तिला कढीपत्ता तेलात पडल्याचं ऐकू आलं होतं. आठवड्याभरात ती जेवताना बोलू लागली. कुठल्या गावात विहीर कशी आटली, साहेब काय म्हणाले, मुलीचा फोन. अभिनंदन काही म्हणाले की ती मान डोलवायची. चहा घेऊन त्यांच्या खोलीत येऊन बसायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुठल्या यंत्राला दहापैकी नऊ गुण दिले. व्हिडिओत ते म्हणाले, ‘या यंत्रानं माझी बायको मला परत दिली.’ हे वाक्य त्यांनी सरळ म्हटलं होतं, आणि प्रेक्षक दोन दिवस त्यात खोच शोधत बसले होते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी पद्मजा पेढे घेऊन घरी आली.

‘आदेश आला,’ ती म्हणाली.

‘कसला?’

‘देवगडचा. सोमवारी सकाळी निघायचं. दोन वर्षं.’

अभिनंदन नव्या टीव्हीशी झटापट करत होते. त्यांनी रिमोट खाली ठेवला. देवगडचं त्यांना आठवत होतं. किनाऱ्यावरच्या विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरतंय, ते कुठवर आलंय हे मोजायचं काम निघालं होतं. नोव्हेंबरात तिने विचारलं होतं, अर्ज करू का म्हणून. आणि त्यांनी काय उत्तर दिलं होतं तेही त्यांना नीट आठवत होतं. त्यामुळे विषय तिथंच संपला, अशी त्यांची समजूत होती.

‘तू अर्ज केलास?’

‘म्हणजे काय? तुम्हीच तर म्हणालात, जा, खुशाल जा, मी आहे इथं.’ तिने पेढ्याचा पुडा उघडला. ‘ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी. माझ्या नवऱ्यानं एका शब्दानं अडवलं नाही.’

‘वा,’ अभिनंदन म्हणाले. ‘फारच छान केलंस. मला परत विचारायची काही गरजच नव्हती.’

हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्या सुराने पूर्वी या घरात दोन दिवस अबोला झाला असता. पद्मजाने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

‘मला माहीत होतं, तुम्हाला आनंद होईल.’

पेढा हातात धरून ते तिच्याकडे पाहत राहिले. ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारताच येत नसत.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर त्यांनी कपाटातून कानसेनचा दुसरा संच काढला आणि त्यात पद्मजाच्या संचाची सगळी सेटिंग्ज भरली. असली यंत्रं तपासायला त्यांच्याकडे रबराचा एक कान होता. कानाच्या पोकळीत पडद्याच्या जागी मायक्रोफोन. यंत्र त्या कानात बसवलं, दार लावून घेतलं, रेकॉर्डर सुरू केला आणि नोव्हेंबरातलं वाक्य त्याच सुरात म्हटलं. ‘जा की, खुशाल जा ना. मी आहेच की इथं, कुलूप लावायला नि भांडी घासायला.’

मग रबरी कानाने काय ऐकलं ते लावलं.

आवाज त्यांचाच होता. बोलत होता तो मात्र कुणी भला माणूस. ‘जा, खुशाल जा. मी आहे इथं. कुलूप लावायला, भांडी घासायला.’ शेवटचे शब्द तर इतक्या आपुलकीने आले होते की त्यांना स्वतःलाच त्या माणसाचा हेवा वाटला.

त्यांनी मिक्सरचा व्हिडिओ लावून पाहिला. यंत्राने तो ऐकला आणि मिक्सर बनवणाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं.

अभिनंदननी बंगळुरूला कंपनीत फोन लावला. आधी बोलणाऱ्या यंत्राने पंधरा मिनिटं घेतली, त्यांच्या संतापाबद्दल तीनदा दिलगिरी व्यक्त केली आणि मग वैदेही पै नावाच्या इंजिनिअरला जोडून दिलं. बाई कारवारकडच्या, मराठी स्वच्छ बोलणाऱ्या.

‘तो मृदू मोड आहे सर,’ त्या म्हणाल्या. ‘बहिऱ्या माणसाला ऐकण्याचा फार थकवा येतो. मेंदू दिवसभर अर्धवट आवाज जुळवत बसतो. त्यात आवाजाची पट्टी एकदम वर-खाली झाली की ताण वाढतो. म्हणून आम्ही चढउतार कमी करतो. आणि की, ना, म्हणे, बरं का, असे भरीचे शब्द गाळतो. अर्थाला त्यानं फरक पडत नाही.’

‘मराठीत सगळा अर्थ त्यातच असतो, बाई.’

‘चाचण्या झाल्या आहेत सर. मजकूर जसाच्या तसा पोचतो. एकही शब्द आम्ही उलटा करत नाही.’

‘तसं करायची गरजच नाही. मी मूर्खाला शहाणा म्हटलं आणि तुम्ही सूर काढून घेतलात, की तो शहाणा होतो. हा मोड चालू करायला कुणी सांगितलं? माझ्या बायकोनं तर नाही.’

‘तो सुरुवातीपासून चालूच येतो. शंभरात चौऱ्याण्णव लोक अतिशय समाधानी आहेत. घरातले संबंध सुधारले असं लोक स्वतःहून लिहून कळवतात. आणि या मोडबद्दल आजवर एकही तक्रार नाही, सर.’

‘तक्रार येणार कुठून?’ अभिनंदन म्हणाले. ‘ज्याला ऐकू आलं नाही, त्याला ते ऐकू आलं नाही हे कळणार कसं?’

वैदेही पै हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितला होता, सर. आम्ही ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या.’

फोन ठेवल्यावर अभिनंदन बराच वेळ रबरी कानासमोर बसून होते. चिडायची त्यांना सवय होती, पण चिडायचं कुणावर ते कळत नव्हतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. पद्मजाने चूक केली नव्हती. गेले पाच महिने ते मनात म्हणत होते, ऐकू यायला लागल्यापासून ही किती बदलली, किती मोकळी झाली. आणि ती मैत्रिणींना फोनवर सांगत होती, हे किती बदलले. बदललं कुणीच नव्हतं.

न सांगणं सोपं होतं. ती आनंदात होती. दोन वर्षं जाईल, येईल. सांगितलं तर चहा घेऊन खोलीत येणारी बाई पुन्हा गप्प होणार, हे त्यांना दिसत होतं. सांगायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही, असं काही जमतं का तेही त्यांनी पाहिलं. बुधवारी जेवताना म्हणाले, ‘देवगडला आंबे खा आणि मला विसरून जा म्हणजे झालं.’ ती म्हणाली, ‘असं कसं विसरेन, पेटी पाठवते की.’ गुरुवारी म्हणाले, ‘मी काय, राहीन मजेत.’ ती म्हणाली, ‘हे ऐकून माझी काळजीच मिटली.’ शुक्रवारी तिने बॅग भरायला घेतली. त्यांच्या लक्षात आलं की ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द त्यांनी चार दिवसांत एकदाही उच्चारले नव्हते. तिच्या कानात यंत्र नसतं तरी उच्चारले नसते. तिनं ओळखावं, अशीच त्यांची गेल्या चोवीस वर्षांची पद्धत होती.

शनिवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर रबरी कान आणून ठेवला आणि तिला समोर बसवलं.

आधी सगळं सांगितलं. मग तिच्या फोनवर कानसेनचं ॲप उघडलं. सेटिंग्ज, ध्वनी, श्रवणसुख, प्रगत, भाषा, मृदू मोड. सहा दारं उघडून आत गेल्यावर ते बटण सापडलं. त्यांनी ते बंद केलं आणि स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं. आधी मूळ वाक्य. मग रबरी कानाने ऐकलेलं.

पद्मजाने दोन्ही ऐकली. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली.

‘हे मला लग्नाआधी ऐकवलं असतंत तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली. ‘म्हणजे सप्टेंबरपासून मी बोलत कुणाशी होते?’

‘माझ्याशीच.’

‘तुमच्याशी नाही. तुमच्याशी बोलणं मी केव्हाच सोडलं होतं.’ तिचा आवाज चढला नाही. ‘दिवाळीत माझ्या दादासमोर तुम्ही म्हणालात, पद्मजाच्या हाताला चव आहे. दादा हसला. मला वाटलं, कौतुकानं हसला. तेही?’

अभिनंदननी टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. ‘डाळ खारट झाली होती.’

‘मग खारट झाली म्हणायचं ना. पाणी घातलं असतं.’

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत येऊन ती त्याच खुर्चीवर बसली. कानातलं यंत्र तिने एकदा बोटाने नीट बसवलं.

‘आता सांगा. मी देवगडला जाते, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’

‘मला काय वाटायचंय. माझं ऐकतंय कोण या घरा...’

तिने हात वर केला. ते थांबले.

कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. जे जे जिभेवर येत होतं त्याला मागून एक काटा होता. तो मोडून टाकला की वाक्यात काही उरत नव्हतं. मिनिट गेलं असेल. पद्मजा वाट पाहत होती, आणि वाट पाहायची तिला सवय होती.

‘मला एकटं राहायची भीती वाटते,’ शेवटी ते म्हणाले. ‘तू जाऊ नयेस असं वाटतं. तुझं काम महत्त्वाचं आहे, ते मला कळतं. तरीही वाटतं.’

पद्मजाने ते ऐकलं. यावेळी मध्ये कुणी काही गाळलं नव्हतं.

‘हे नोव्हेंबरात म्हणाला असतात,’ ती म्हणाली, ‘तर मी अर्जच केला नसता.’

‘मग आता...’

‘आता मी जाणार. नोव्हेंबरात मी तुमच्यासाठी थांबले असते आणि थांबल्याचं कुणाला कळलंही नसतं, तुम्हालासुद्धा. तिथल्या सात गावांनी मोजणीसाठी विहिरी मोकळ्या करून ठेवल्या आहेत.’ ती उठली. ‘मी तुमच्यावर रागावले आहे. किती, ते अजून मलाही माहीत नाही. बॅगेत स्वेटर ठेवू का, तिथं थंडी असते का, तेवढं बघून सांगा.’

त्यांनी बघून सांगितलं. नसते.

सोमवारी ती गेली. मंगळवारी अभिनंदन कॅमेऱ्यासमोर बसले. पहिल्या तीन वेळा त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं आणि तिन्ही वेळा पुसून टाकलं. चौथ्यांदा नीट जमलं. यंत्र चांगलं आहे, ते म्हणाले. ज्याला ऐकू येत नाही त्याला ते घ्यायला सांगेन. पण नऊ गुण देताना मी फक्त कान तपासले, माणसं तपासली नाहीत, ती चूक माझी आहे. मग सहा दारं उघडून ते बटण कसं गाठायचं ते त्यांनी दाखवलं. बंदच करा असं म्हणाले नाहीत. घरातल्या ज्याच्या कानात यंत्र आहे त्याला आज विचारा, एवढंच सांगितलं, आणि त्याने बंद केलं तर त्याच्याकडून काय ऐकावं लागेल याची आपण तयारी ठेवा.

व्हिडिओ फारसा चालला नाही. ‘काका, मजा नाही आली,’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. इस्लामपूरच्या एका बाईंनी लिहिलं की सासऱ्यांचा मोड बंद केल्यापासून ते जेवत नाहीत, आता काय करू. अभिनंदननी उत्तर लिहायला तीनदा घेतलं आणि खोडलं. शेवटी फोन नंबर पाठवला. त्या बाईंशी ते तासभर बोलले. बोलले म्हणजे बहुतेक ऐकलंच. तीन आठवड्यांनी कंपनीने बदल केला. नवं यंत्र लावताना आता ते आधी विचारतं, तुम्हाला सूर हवा की आराम. वैदेही पैंनी स्वतः फोन करून ते कळवलं. बटण मात्र अजून सहाव्या दारामागेच होतं, आणि त्याबद्दल अभिनंदननी त्यांना जे काही सुनावलं ते अगदी सरळ शब्दांत होतं.

पद्मजाचे पहिले पंधरा दिवस फोन आले ते कामापुरते. पोचले, खोली बरी आहे, गॅसचं कार्ड कुठं आहे. मग एकदा तिने तिथल्या तांबळडेग गावच्या विहिरीबद्दल सांगितलं. वरचं पाणी गोड आणि तीन मीटरखाली खारट, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. अभिनंदननी दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘दिवसभर तो मोड मी चालू ठेवते हल्ली. विहिरीवर माणसं फार भांडतात. बारा तास सगळं ऐकलं की डोकं दुखतं.’

‘बरं करतेस,’ ते म्हणाले, आणि मग घाईने, ‘खरंच म्हणतोय.’

‘कळलं. तुमचा फोन आला की बंद करते.’

‘का?’ अभिनंदननी विचारलं.

‘तुमचं बोलणं तपासून घ्यावं लागतं ना,’ पद्मजा म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं की नव्हतं ते त्यांना नक्की कळलं नाही. ‘बोला आता. आज कशावर चिडलाय?’

पाणी शुद्ध करणाऱ्या नव्या यंत्राने दुपारपासून त्यांना पाणी दिलं नव्हतं, कारण त्यांनी त्याच्या सेवेला गुण दिले नव्हते. ते सांगायला लागले. पंचवीस मिनिटं सांगत होते. मध्ये दोनदा त्यांचा आवाज एकदम चढला, एकदा ‘वा, काय ती सोय’ असंही येऊन गेलं, आणि पलीकडून तिने ते सगळं, की आणि ना आणि म्हणेसकट, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.